पलीकडची घागर

राज्य आणि राजधानी क्षेत्र यांतला फरक स्पष्ट करा. गुण पाच.

हा प्रश्न मी आठवीच्या नागरिकशास्त्राच्या पेपरात दर वर्षी घालते आणि दर वर्षी पोरांची उत्तरं एका छापाची येतात. राज्याला स्वतःची विधानसभा असते, क्षेत्राला नसते. जमीन, पोलीस, ग्रामपंचायत, अगदी स्मशानसुद्धा राज्याच्या सूचीत असतं; क्षेत्रात सगळं संसद ठरवते आणि प्रशासक राबवतो. राजधानी साऱ्या देशाची, म्हणून ती तिथे राहणाऱ्यांची नसते. पाठांतरात आमची पोरं कोणाला हार जात नाहीत. तरी मी पाचपैकी तीनच गुण देते. उरलेल्या दोन गुणांचं उत्तर पुस्तकात नाही. ते मला कसं मिळालं ते सांगते.

दिल्लीचे उन्हाळे माणसाला सोसेनासे झाले आणि राजधानी देशाच्या मध्यावर आणायचं ठरलं, तेव्हा वर्धा नदीच्या काठची बावीस गावं महाराष्ट्रातून वेगळी काढली. त्यातलं अगदी कडेचं गाव आमचं, खडकझरी. गावाबाहेर कालवा आहे. त्याच्या पुलावर सीमेचा पांढरा खांब रोवला. खांबाच्या अलीकडे केंद्रीय राजधानी क्षेत्र, पलीकडे महाराष्ट्र. खांब रोवला त्या दिवशी गावाने पेढे वाटले. आमच्या यजमानांनी, श्रीधर काळबांड्यांनी, पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा काढून वाटले. "पद्मा, आता आपण थेट देशाच्या अंगणात," असं म्हणाले होते. मी म्हटलं होतं, अंगणात उभ्या राहणाऱ्याला कोणी घरात काय शिजवायचं ते विचारत नाही. ते हसले आणि मला दोन पेढे जास्त दिले. सात वर्षांपूर्वी ते गेले. सकाळी आंघोळीचं पाणी काढलं आणि न्हाणीच्या दारातच बसले, ते उठलेच नाहीत.

आमदार नाही, सरपंच नाही, तर इथल्या लोकांना काय हवं ते सरकारला कळायचं कसं? त्यासाठी जनकौल नावाचं यंत्र आणलं. प्रत्येक घराच्या भिंतीवर वीतभर काळी पट्टी बसवली. घरात पाणी किती, वीज किती, कोण कधी उठतं, काय बोलतं, कशावरून भांडतं, हे ती टिपते. त्यावरून यंत्र घरातल्या प्रत्येक माणसाचं प्रतिमत तयार करतं, म्हणजे हा माणूस अमुक प्रश्नावर काय म्हणेल याचा हिशोबी अंदाज. प्रश्न आला की यंत्र सगळ्या प्रतिमतांना विचारतं आणि गावाचा कौल सांगतं. माणसाला विचारायची गरज पडत नाही. गावाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे, घरातली वीज हेही यंत्र त्याच अंदाजाने चालवतं. हवामान खातं ढगाला न विचारता पाऊस सांगतं, तसंच हे. आणि खरं सांगायचं तर यंत्र फारसं चुकत नव्हतं. शाळेची वेळ सकाळची करावी असा कौल आला, तेव्हा मी वरवर कुरकुरले, पण मनातून मला तेच हवं होतं.

रहिवासी कोणाला म्हणायचं, हा मात्र प्रश्न होता. राज्यात मतदार यादी असते. माणूस मेला की दाखला निघतो आणि नाव कटतं. इथे निवडणूकच नाही, तर यादी कशाला? शिवाय राजधानी बांधायला देशभरातून मजूर आले होते, त्यांच्याकडे कागद नव्हते. त्यांच्यावर अन्याय नको म्हणून नियम केला की घर ज्याला आपला मानतं तो रहिवासी. ज्याचं ताट वाढलं जातं, ज्याला नावाने हाक मारली जाते, तो इथलाच. मुलगा पुण्याला नोकरीला असेल आणि वर्षातून एकदाच सणाला येत असेल, तरी तो घरचाच. म्हणून वर्षातून एकदा तरी ज्याला घर जेवायला बोलावतं, त्याचं नाव कटत नाही. नियम करणारी माणसं दयाळू होती, यात मला शंका नाही. पण त्यांच्यातलं कोणी वऱ्हाडातलं नव्हतं.

आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितर जेवायला बोलावतात. मातीची नवी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात, पानावर चिंचोणी, म्हणजे चिंच-गुळाचं सार, कुरड्या, रस वाढतात. आणि गेलेल्या माणसाला नाव घेऊन हाक मारतात. जेवाले या. घर सोडू नका. पोरांवर लक्ष ठेवा.

भिंतीवरची पट्टी हे दर वर्षी ऐकत होती.

गेल्या वर्षी माघात प्रशासकांची नोटीस आली. राजधानीच्या दुसऱ्या टप्प्यात संचलनाचं मैदान होणार, खडकझरीचं गावठाण तिथून उठवून कुठेतरी वसवणार. राज्यात असतो तर ग्रामसभेने ठराव केला असता, आमदाराच्या दारात जाऊन बसलो असतो, त्याला पुढची निवडणूक दाखवली असती. इथे कोणाच्या दारात बसायचं? प्रशासक बदलीवर आलेला, बदलीवर जाणारा. एकच वाट होती. संसदेच्या कायद्यात एक कलम होतं की सीमेवरच्या गावाचा कौल 'जावं' असा आला, तर ते गाव परत राज्यात जाऊ शकतं. आम्ही अर्ज केला. गावात एक माणूस असा नव्हता ज्याला जायचं नव्हतं.

कौल आला: राहावं.

माझी मुलगी रेवती राजधानीत, कौल केंद्रातच नोकरीला आहे. हे यंत्र चालवणाऱ्यांपैकी एक. त्या शनिवारी ती घरी आली ती चप्पलही न काढता पायरीवरच बसली.

"आई, गावात माणसं किती आहेत?"

"साडेचारशेच्या आसपास."

"कौल हजारावर लोकांचा मोजला आहे."

मला आधी वाटलं, लबाडी. प्रशासकाने खोटी नावं घुसडली असतील. रेवतीने मान हलवली. नावं सगळी खरी होती, आमचीच होती. तिने फोनवर आमच्या घराचं पान उघडलं. कुटुंबातल्या माणसाला आपल्या घराची प्रतिमतं बघता येतात, पण गावात ती कधी कोणी उघडली नव्हती. तीन नावं होती. पद्मा काळबांडे: जावं. रेवती काळबांडे: जावं. श्रीधर काळबांडे: राहावं.

त्याखाली कारण दिलेलं होतं. यंत्र कारण देतं, एका ओळीत. "घर सोडू नका, लक्ष ठेवा, असं घरच्यांनी दर वर्षी सांगितलं आहे."

मी ती ओळ किती वेळ वाचत होते कोण जाणे. रेवती रडत नव्हती, पण तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता. "जिवंत माणसाचं यंत्राला रोज काही ना काही कळतं," ती म्हणाली. "बाबांचं वर्षातून एकच वाक्य कळतं. मग ते दुसरं काय म्हणणार?"

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. आमच्या न्हाणीतला गीझर पहाटे साडेपाचला आपोआप लागतो. मी सातला आंघोळ करते. सहा वर्षं मी त्याला बिघाड समजत होते, दोनदा माणूस बोलावून दाखवला होता. साडेपाचला आंघोळ हे करायचे. गावाचे पाण्याचे हांडे उन्हाळ्यातही भरून वाहायचे, पुलापलीकडची गावं आमचा हेवा करायची. पाणी माणशी मिळत होतं आणि आम्ही मेलेल्यांच्या वाट्याचं पीत होतो. कालव्याकडच्या रस्त्यावर संध्याकाळी दिवे एकामागून एक लागत जायचे, कोणी चाललेलं नसताना. रानातून परतणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ते लागत होते. त्यातला एकही म्हातारा आता हयात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला उठले. न्हाणीत गेले आणि नळाखाली हात धरला. पाणी कोमट झालं, मग छान ऊन झालं, त्यांना लागायचं तेवढंच. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मला भीती वाटली आणि खरं सांगते, बरंही वाटलं. कोणीतरी अजून त्यांच्यासाठी पाणी तापवत होतं.

शाळेत गाव जमलं. रेवतीने सगळं समजावून सांगितलं. अखजीनंतर पुन्हा कौल मागता येईल. या अखजीला कोणी कोणाला हाक मारायची नाही. घागर नाही, पान नाही, नाव नाही. सगळ्या घरांनी पाळलं, तर गेलेल्यांची नावं कटतील आणि जिवंतांचा कौल उरेल. नाही पाळलं, तर मैदान. बुद्धीला पटत होतं सगळ्यांच्या, पण हो कोणी म्हणेना.

वच्छला इंगोले उठली. माझ्या शेजारची. तिचा एकुलता एक गोलू बावीस वर्षांचा असताना कालव्यात वाहून गेला.

"रेवती, तू शिकेल हायस, तुह्यं बरोबरच असन," ती म्हणाली. "पन माह्या गोलूले मी वर्षातून एक डाव जेवाले बलावतो. तो पान्यातून निंगाला तवा त्याचं पोट रितं होतं. त्याले मी उपाशी ठेवू?"

"मावशी, गाव उठलं तर घरच राहणार नाही."

"घर नसन तं तो येईन कुठी, हेबी मले समजते. म्हनूनच मले झोप नाही."

मी पोरांच्या बाकावर अंग चोरून बसले होते. समोर फळ्यावर मीच सकाळी लिहिलेली राज्यसूची अजून पुसायची होती. जमीन. पोलीस. पंचायत. दफन व दहनभूमी.

"वच्छला," मी म्हटलं, "पुलाच्या पलीकडे कोणी ऐकत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पलीकडे महाराष्ट्र. तिथे भिंतीवर पट्ट्या नाहीत, जनकौल नाही. तिथे मेलेला माणूस मेलेला असतो आणि त्याला जेवू घातलं म्हणून कोणी त्याचं मत मोजत नाही. खांब ओलांडून मळ्याकडे जाताना मोठं आंब्याचं झाड आहे. त्याच्याखाली घागरी भरायच्या. पितर काय, बोलावलं तिथे येतील.

रेवतीने विचार केला आणि होकार दिला, पण अटी घातल्या. फोन घरी ठेवायचे. घागर नेताना घरात अवाक्षर काढायचं नाही. नाव घ्यायचं नाही, हाक मारायची नाही, जे काय बोलायचं ते खांब ओलांडल्यावर. "एकही नाव अलीकडे उच्चारलं, तर तो माणूस आणखी एक वर्ष इथला," ती बजावून म्हणाली. वच्छलाने तिचा हात धरून हो म्हटलं. सगळ्यांनीच म्हटलं.

अखजीला ऊन मी म्हणत होतं. मी घागर भरली, आंबा ठेवला, पत्रावळीवर कुरड्या ठेवून डबा बांधला. रेवती पुढे गेली होती. मी घागर कमरेवर घेतली आणि उंबऱ्यापाशी आले. तिथे माझं पाऊल अडलं.

मागे घर होतं. खुंटीवर त्यांची पोस्टाची पिशवी. सहा वर्षं या दिवशी मी त्यांना इथे बोलावलं होतं आणि आज त्यांचं जेवण घेऊन मी गुपचूप निघाले होते. पाहुणा ओसरीवर बसवून आपण मागच्या दाराने निघून जावं, तसं वाटलं मला. कुठे यायचं ते त्यांना कळणार कसं? ते इथेच वाट बघत बसतील. त्यांना तशीच सवय, सांगितल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत.

"अहो," मी म्हटलं. "चला. आज जेवण तिकडं आहे. आता आपलं तिकडंच."

बोलले आणि मग भिंतीवरच्या पट्टीकडे लक्ष गेलं. तिच्यावरचा बारका हिरवा दिवा लागला आणि विझला. मी तोंडावर हात ठेवला. पण सुटलेला शब्द माघारी येत नाही.

रस्त्याला बायका लागल्या होत्या. साठ-सत्तर घागरी, मागे पुरुष, कोणी बोलत नव्हतं. कालव्याकडच्या रस्त्यावर भर उन्हात दिवे लागत गेले. एकेक करून, आमच्या पुढे पुढे, पुलापर्यंत. मी वच्छलाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं. खांबापाशी शेवटचा दिवा लागला. पलीकडे दिवेच नव्हते.

आंब्याखाली आम्ही पानं मांडली. तिथे बांध फुटला. सगळ्यांनी पोटभर हाका मारल्या, आजे-पणजे, सासवा, न जगलेली तान्ही लेकरं. वच्छलाने गोलूला दोन आंबे वाढले. येताना घागरी तिथेच ठेवून आलो.

परतताना तिने मला पुलावर गाठलं. "मॅडम, एक सांगू? रेवतीले नोका सांगू."

"सांग."

"निंगताना मी घरात बोलली. गोलू, चाल रे बाप्पा, म्हटलं. न सांगता कशी जाऊ?"

मी तिला माझंही सांगितलं. मग आणखी चौघी जवळ आल्या. मग कळलं की न बोलता निघालेलं घर अख्ख्या खडकझरीत एकही नव्हतं.

रेवतीपासून ते लपणार कसं? संध्याकाळीच तिने केंद्रातून फोन केला. "आई, सगळी नावं आली आहेत. एकही कटलं नाही." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज नुसता थकलेला होता. "आता काही हातात नाही. कौल आठ दिवसांनी."

ते आठ दिवस मी शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. आपल्या तोंडाने आपण गाव घालवलं, एवढंच डोक्यात होतं. पहाटे पाणी तापत होतं. मी उठून बघायला जात नव्हते.

आठव्या दिवशी रेवती स्वतः आली. या वेळी चप्पल काढून आत आली, माझ्यासमोर बसली आणि फोन माझ्या हातात दिला.

खडकझरीचा कौल: जावं.

"नावं कटली?" मी विचारलं.

"नाही. सगळी आहेत. खाली बघ."

पद्मा काळबांडे: जावं. रेवती काळबांडे: जावं. श्रीधर काळबांडे: जावं. त्याखाली कारण, एका ओळीत. "घरच्यांनी तिकडे बोलावलं आहे."

गोलूचंही तेच होतं. घरोघर तेच होतं. जिवंतांच्या मतांवर नव्हे, गावाचा कौल गेलेल्यांच्या मतांवर फिरला होता. आम्ही चला म्हटलं आणि ते निघाले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी रेवतीसमोर मोठ्याने रडले.

पावसाळा संपता संपता खांब उपटला आणि गावाच्या राजधानीकडच्या शिवेवर नेऊन रोवला. भिंतीवरच्या पट्ट्या काढून नेल्या. राज्यात गेलेल्या गावाची प्रतिमतं पुसून टाकायची, असा कायदाच होता. मैदानाची नोटीस मागे गेली. मग मतदार यादीसाठी तलाठी ऑफिसातून एक तरुण मुलगी आली. ओसरीवर खुर्ची दिली, पाणी दिलं.

"घरात किती माणसं, काकू?"

मी खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं. इतकी वर्षं मला हे कोणी विचारलं नव्हतं.

"दोन," मी म्हटलं. "मी आणि मुलगी. यजमान वारले."

तिने लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेली. पुढचं घर वच्छलाचं. तिथे तिला बराच वेळ लागला.

तर ते दोन गुणांचं उत्तर असं. राज्यात तुमच्या दारात कोणीतरी येऊन घरात किती माणसं आहेत ते विचारतं आणि तुम्हाला खरं सांगावं लागतं. क्षेत्रात कोणी विचारतच नाही. पोरांना हे लिहायला सांगत नाही मी. त्यांच्या वयात ते न कळलेलंच बरं.

या वर्षीच्या अखजीला घागर घरातच भरली. पान मांडलं, नाव घेऊन हाक मारली. पट्टीच्या जागी भिंतीवर चार भोकं आहेत, ती बुजवायची राहिली आहेत. हे आले की नाही, मला सांगता येणार नाही. पूर्वीच्या बायका जसं मानायच्या तसं आता मानायचं.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला मात्र जाग आली होती. न्हाणीत जाऊन नळाखाली हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. पाणी गारच होतं.